संघटनेविना करार

२५ ऑक्टोबर १९८५ रोजी दुबईहून एक विमान कराचीकडे निघाले. एमिरेट्स या नव्या कंपनीचे ते पहिले उड्डाण. विमाने पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून भाड्याने घेतलेली होती, दुबईच्या राज्यकर्त्यांनी दिलेले भांडवल एक कोटी डॉलर होते, आणि सुरुवातीच्या मोजक्या ठिकाणांत कराचीबरोबर मुंबई आणि दिल्लीही होत्या. आज एअरबस ए-३८० आणि बोइंग ७७७ या दोन्ही प्रकारच्या विमानांचा जगातला सर्वांत मोठा ताफा याच कंपनीकडे आहे. अबुधाबीची एतिहाद, शारजाची एअर अरेबिया आणि दुबईचीच फ्लायदुबई धरली, तर या छोट्या देशात हजारो वैमानिक काम करतात, आणि त्यांतले बहुतेक परदेशी आहेत.

या हजारोंची एकही वैमानिक संघटना नाही. संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटना काढायला कायद्याची परवानगी नाही आणि संप बेकायदा आहे. मग तिथे वैमानिकाचा पगार ठरतो कसा? तो कधी वाढतो, कधी कापला जातो, आणि कापला गेला तर वैमानिक काय करू शकतो? या प्रश्नांची उत्तरे शोधताना मुंबईही वारंवार समोर येते. वैमानिक संघटनांचे मोठे लढे जिथे झाले अशा शहरांपैकी ते एक, आणि आखातात जाणाऱ्या भारतीय वैमानिकांचे एक मोठे केंद्रही.

पगाराची रचना

वैमानिकाचा पगार म्हणजे महिन्याकाठी मिळणारी एक ठोक रक्कम नव्हे. मूळ वेतन आणि उड्डाणभत्ता हे त्याचे दोन मुख्य भाग. उड्डाणभत्ता ‘ब्लॉक अवर्स’वर, म्हणजे विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतच्या तासांवर मोजतात. विमान उशिरा सुटले म्हणून टर्मिनलमध्ये काढलेले चार तास सहसा या हिशेबात येत नाहीत. त्यामुळे ‘किमान हमी तास’ हा करारातला सर्वांत कळीचा आकडा ठरतो. कंपनीने उड्डाणे कमी दिली तरी इतक्या तासांचे पैसे मिळणारच, असे तो सांगतो.

हा आकडा हलला की काय होते, ते भारताने नुकतेच पाहिले. टाटा समूहाने एअर इंडिया घेतल्यावर एप्रिल २०२३ मध्ये वैमानिकांपुढे नवा करार ठेवला. त्यात हमी तास ७० वरून ४० वर आले होते. कंपनीतल्या दोन्ही वैमानिक संघटनांनी सही करू नका असे आवाहन केले आणि दीड हजारांहून अधिक वैमानिकांनी रतन टाटांना निवेदन पाठवले. वर्षभराने एअर इंडियात विलीन होण्याच्या वाटेवर असलेल्या ‘विस्तारा’ या कंपनीतही तोच ४० तासांचा करार आला. एप्रिल २०२४ च्या पहिल्या आठवड्यात तिथले अनेक वैमानिक आजारपणाची रजा टाकून घरी राहिले आणि शंभराहून अधिक उड्डाणे रद्द झाली.

अमिरातीतल्या पगारपत्रकात याखेरीज आणखी काही रकाने असतात: घर किंवा घरभाडे, मुलांच्या शाळेची फी, कुटुंबाचा वैद्यकीय विमा, वर्षाकाठी मायदेशी जाण्याची तिकिटे, निवृत्तीसाठीचा निधी. वैयक्तिक उत्पन्नावर कर नाही. दिरहाम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने जखडलेला आहे, त्यामुळे रुपया घसरला की भारतीय वैमानिकाचा घरी पाठवायचा पैसा आपोआप वाढतो. कागदावर हा करार जगातल्या चांगल्या करारांत मोडतो. मात्र घर, शाळा, विमा आणि निवास परवाना हे सारे एकाच नोकरीला बांधलेले असल्याने नोकरी गेली की पगाराबरोबर अख्खा संसारच उठतो.

त्यात या व्यवसायाची स्वतःची एक अडचण आहे. एका बँकेतला अनुभवी अधिकारी दुसऱ्या बँकेत गेला तर त्याचा हुद्दा बहुधा टिकतो. वैमानिकाची सिनिऑरिटी मात्र कंपनी बदलली की बहुतेक ठिकाणी शून्यावर येते. कॅप्टनपद केव्हा मिळेल, कोणत्या विमानावर बसाल, सणासुदीला सुट्टी मिळेल की नाही, हे सारे तिच्यावर ठरते. शिवाय प्रत्येक विमानप्रकारासाठी वेगळे ‘टाइप रेटिंग’ लागते. त्याचा खर्च कंपनीने उचलला असेल तर ठरावीक वर्षे नोकरी न सोडण्याचा बाँड भरून द्यावा लागतो. म्हणून कामगारांना एरवी सहज सुचणारा ‘नाही पटले तर सोडून जा’ हा सल्ला वैमानिकाला फार महाग पडतो. जगभर वैमानिकांच्या संघटना इतक्या चिवट का असतात, याचे मूळ इथेच आहे.

जिथे टेबल मांडलेले असते

संघटना असली की पगाराची वाटाघाट कशी चालते, याचा सर्वांत रेखीव नमुना अमेरिकेत पाहायला मिळतो. रेल्वेसाठी १९२६ साली केलेला ‘रेल्वे लेबर अ‍ॅक्ट’ १९३६ मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. या कायद्यातली एक तरतूद विलक्षण आहे. करार मुदत संपली म्हणून मरत नाही, तो फक्त ‘बदलण्यास खुला’ होतो. नवा करार होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. बोलणी अडली तर सरकारी मध्यस्थ मंडळ मधे पडते. मंडळाने हात टेकले तर तीस दिवसांची शांततेची मुदत सुरू होते आणि ती संपल्यावरच संपाचा किंवा टाळेबंदीचा हक्क मिळतो. विमाने सहसा थांबू नयेत आणि कोणत्याही बाजूला दुसरीला एका रात्रीत चिरडता येऊ नये, असा दुहेरी हेतू त्यामागे आहे.

डेल्टा एअरलाइन्सचा करार २०१९ अखेरीस बदलण्यास खुला झाला आणि कोविडच्या साथीमुळे बोलणी रखडली. ऑक्टोबर २०२२ मध्ये संघटनेने गरज पडल्यास संप करावा का, असे मतदान घेतले. ९९ टक्के वैमानिकांनी होकार दिला. संप झाला नाही. होकाराचे वजन पुरेसे ठरले. मार्च २०२३ मध्ये मंजूर झालेल्या करारात चार वर्षांत किमान ३४ टक्के वाढ होती. पाठोपाठ युनायटेड आणि अमेरिकन एअरलाइन्सना तशाच वाढी द्याव्या लागल्या.

आणि त्याचे पडसाद दुबईतही उमटतात. अमेरिकी कंपन्या पगार वाढवतात तेव्हा आखातातला अमेरिकी वैमानिक मायदेशी परतण्याचा हिशेब मांडू लागतो. तो गेला की त्याची जागा युरोप, दक्षिण आफ्रिका किंवा भारतातून भरावी लागते, आणि त्यासाठी आखाती कंपनीला आपला देकार सुधारावा लागतो. संघटना अमेरिकेतली, पण तिने मिळवलेल्या वाढीचा काही अंश दुबईच्या पगारपत्रकात कोणत्याही मतदानाशिवाय उतरतो.

अमिरातीचा कायदा काय देतो

अमिरातीत कामगाराला काहीच संरक्षण नाही, असे मात्र नव्हे. १९८० च्या जुन्या कामगार कायद्याची जागा खासगी क्षेत्रासाठी २०२१ च्या ३३ क्रमांकाच्या कायद्याने घेतली. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. त्यात नोटीस पिरियड तीस ते नव्वद दिवसांचा ठरवून दिला आहे. नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते: पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचे मूळ वेतन, त्यापुढे दर वर्षी ३० दिवसांचे. खासगी कंपन्यांनी पगार बँकिंग यंत्रणेतूनच द्यावा आणि उशीर झाला तर मंत्रालयाला दिसावा, यासाठी २००९ पासून वेतन संरक्षण प्रणाली आहे. मालकाने पैसे बुडवले तर एकट्या कामगाराला तक्रार करता येते, न्यायालयात जाता येते.

या व्यवस्थेत नाही ती सामूहिक सौदेबाजी. आपल्या वतीने बोलेल असा प्रतिनिधी वैमानिक निवडू शकत नाहीत. संघटना स्थापण्याचे स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटीचा हक्क यांविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे ठराव अमिरातीने मान्य केलेले नाहीत. हे दोन ठराव भारतानेही मान्य केलेले नाहीत. मात्र भारतात १९२६ चा कामगार संघटना कायदा आणि राज्यघटनेने दिलेले संघटन स्वातंत्र्य यांमुळे संघटना उभ्या राहू शकल्या.

संघटना नसताना पगारवाढ येते ती व्यवस्थापनाच्या निर्णयाने, आणि चांगल्या वर्षांत ती घसघशीत येते. एमिरेट्स समूहाला २०२२-२३ मध्ये १०.९ अब्ज दिरहाम नफा झाला आणि कर्मचाऱ्यांना २४ आठवड्यांचा पगार बोनस मिळाला. २०२४-२५ मध्ये करपूर्व नफा २२.७ अब्ज दिरहामवर गेला आणि बोनस २२ आठवड्यांचा होता. नफा दुपटीहून जास्त वाढला, बोनसचे आठवडे दोनाने घटले. तरीही पाच महिन्यांचा जादा पगार ही मोठीच रक्कम आहे आणि ती मिळवणाऱ्या कुटुंबांना तिचे मोल ठाऊक आहे. पण नफ्यातला वाटा किती, हे डेल्टामध्ये आधीच लिहिलेल्या सूत्राने ठरते. दुबईत ते वर्षअखेरीच्या घोषणेतून कळते. पहिला हक्क आहे, दुसरे औदार्य. तेजीच्या वर्षांत या दोहोंतला फरक फारसा जाणवत नाही.

मंदीचे वर्ष

तो जाणवला २०२० मध्ये. कोविडच्या साथीत मार्च अखेरीस अमिरातीने प्रवासी विमानवाहतूक थांबवली. एमिरेट्सने एप्रिलपासून तीन महिन्यांसाठी बहुतेक कर्मचाऱ्यांच्या मूळ वेतनात २५ ते ५० टक्के कपात केली. पुढे ती सप्टेंबरपर्यंत लांबली. त्याच काळात नोकरकपातीच्या फेऱ्या झाल्या आणि त्यांत वैमानिकही गेले. मार्च २०२० मध्ये समूहात १,०५,७३० लोक होते. वर्षभराने ७५,१४५ उरले. त्या वर्षी समूहाचा तोटा २२.१ अब्ज दिरहाम होता.

पगारकपात आणि नोकरकपात जगभर झाली. संघटना असलेल्या देशांतही झाली. विमाने उडत नसतील तर कोणताही करार पैसा निर्माण करू शकत नाही. फरक पडतो तो कपातीच्या रीतीत. संघटना असली की कोणाला आधी काढायचे याचा क्रम आधीपासून लिहिलेला असतो, बहुधा शेवटी आलेला आधी जातो, आणि कंपनी सावरली की त्याच क्रमाने उलटे परत बोलावले जाते. स्वेच्छानिवृत्ती, अर्ध्या तासांवर काम, बिनपगारी रजा असे पर्याय टेबलावर येतात. संघटना नसेल तर निवड कशाच्या आधारे झाली, हे काढलेल्याला विचारताही येत नाही. आणि त्या वर्षी जगात कुठेच जागा नसल्याने ‘सोडून जातो’ ही एरवीची धमकीही कुणाला देता येत नव्हती.

मुंबईचे लढे

आता मुंबईकडे वळू. जुलै २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी ‘नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड’ ही संघटना नोंदवली. कंपनीने तिच्या उभारणीत पुढे असलेल्या वैमानिकांना कामावरून काढले. ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिकांनी एकाच वेळी ‘सिक रिपोर्ट’ केले. विमानसेवा हा तेव्हाच्या कायद्याने सार्वजनिक उपयुक्ततेचा उद्योग असल्याने संपाआधी नोटीस द्यावी लागत असे. आजारपणाची रजा ही तिला शोधलेली पळवाट होती. मुंबई उच्च न्यायालयाने मनाई केली तरी पाच दिवस शेकडो उड्डाणे रद्द होत राहिली. शेवटी तडजोड झाली आणि काढलेल्यांना परत घेण्यात आले.

सरकारी एअर इंडियातला वाद याहून गुंतागुंतीचा होता. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र झाल्या, पण वैमानिकांचे पगार, बढतीचे क्रम आणि संघटना दोन वेगवेगळ्याच राहिल्या. इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्यांच्या ‘इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन’ने २०११ मध्ये समान वेतनासाठी दहा दिवस संप केला. पुढच्या वर्षी जुन्या एअर इंडियाच्या ‘इंडियन पायलट्स गिल्ड’ने नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण दुसऱ्या गटाला देण्याविरुद्ध काम थांबवले. ७ मे च्या रात्री सुरू झालेला तो संप ५८ दिवस चालला. शंभराहून अधिक वैमानिक बडतर्फ झाले, संघटनेची मान्यता गेली, आणि जुलैच्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयापुढे माघार घ्यावी लागली. संघटनेची ताकद मालकाशी वाटाघाट करण्याऐवजी शेजारच्या संघटनेला रोखण्यात खर्च झाली की काय होते, याचा हा धडा आहे.

तिसरा प्रसंग सर्वांत दुःखद. जेट एअरवेजमध्ये २०१३ पासून अबुधाबीच्या एतिहादचा २४ टक्के हिस्सा होता. २०१८ च्या उत्तरार्धात तिथे पगार थकू लागले. जेटच्या वैमानिकांच्या नॅशनल एव्हिएटर्स गिल्डने १ एप्रिल २०१९ पासून उड्डाण न करण्याचा इशारा दिला, मग कंपनी वाचावी म्हणून तो पुढे ढकलला. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेले विमान जेटचे शेवटचे ठरले. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. संघटना होती, एकी होती, तरी थकलेला पगार वेळेत हाती आला नाही. पगार बँकेत जमा झाला की नाही हे मंत्रालयाला दाखवणारी अमिरातीतली यंत्रणा या एका बाबतीत आपल्यापेक्षा पुढे होती, हे मान्य करायला हवे.

दोन देश, दोन अपुऱ्या व्यवस्था

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये एक साधी मांडणी केली. एखाद्या संस्थेचे बिनसले की आतल्या माणसापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा आत राहून आवाज उठवणे. वैमानिकांच्या बाबतीत अमिराती आणि भारत यांनी यांतला एकेकच मार्ग मोकळा ठेवला आहे.

अमिरातीत आवाजाला जागा नाही, पण जाण्याची वाट आखूड आहे. तिथला व्यवस्थापक निघून जाणाऱ्यांकडे बारकाईने पाहतो, कारण तेच त्याचे मोजमाप. २०१८ मध्ये एमिरेट्सला वैमानिकांची चणचण भासली, ती अध्यक्ष टिम क्लार्क यांनी जाहीरपणे मान्य केली आणि काही उड्डाणे कमी करावी लागली. अशी तूट हीच तिथली वाटाघाट असते.

भारतात उलट आहे. संघटना आहेत, न्यायालये आहेत, पण जाण्याची वाट लांबवलेली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कॅप्टनसाठी नोटीस पिरियड एक वर्षाचा केला आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांचा. अचानक राजीनाम्यांमुळे प्रवाशांचे हाल होतात, असे कारण दिले गेले. पण वर्षभर कोणती कंपनी जागा राखून ठेवील? २०२५ मध्ये तर परदेशी कंपन्या आपले अनुभवी कर्मचारी ओढून नेतात म्हणून त्यावर आचारसंहिता असावी, अशी मागणी भारताने आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे मांडली. देशाने घडवलेले मनुष्यबळ राखण्याची काळजी समजण्यासारखी आहे. पण ते राखायचे तर पगार आणि रोस्टर सुधारून राखावे. माणसाला वर्षभर अडवून ठेवणे हा उपाय नव्हे.

करारात विश्रांतीही असते

हा सारा वाद गलेलठ्ठ पगार घेणाऱ्या मूठभर लोकांचा आहे, असे वाटणे साहजिक आहे. तसे नाही, कारण वैमानिकाच्या करारात पैशाइतकीच विश्रांतीही असते.

१९ मार्च २०१६ रोजी दुबईहून निघालेले फ्लायदुबईचे विमान रशियातल्या रोस्तोव्ह-ऑन-डॉन येथे खराब हवामानात उतरण्याचा दुसरा प्रयत्न सोडून वर चढताना कोसळले. विमानातले सर्व ६२ जण ठार झाले. तपास अहवालाने वैमानिकाची चूक आणि दिशाभान हरपणे ही कारणे सांगितली, आणि पूरक घटकांत थकव्याच्या शक्यतेचीही नोंद केली: कितीतरी वेळ आकाशात घिरट्या घातल्यानंतरची ती पहाटेची वेळ होती, म्हणजे शरीराच्या घड्याळाप्रमाणे माणूस सर्वांत मंद असतो ती. अशा वेळी ‘मी थकलो आहे, उडणार नाही’ असे वैमानिकाला निर्धास्तपणे म्हणता यावे, ही चैन नसून सुरक्षेची अट आहे.

भारतात हा आवाज संघटनांनी न्यायालयात नेला. साप्ताहिक विश्रांती ३६ वरून ४८ तास आणि रात्रीची लँडिंग्ज सहावरून दोन करणारे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, कंपन्यांच्या दबावाने लांबले, आणि दिल्ली उच्च न्यायालयात पाठपुरावा झाल्यावर २०२५ मध्ये जुलै आणि नोव्हेंबर अशा दोन टप्प्यांत लागू झाले. डिसेंबरात इंडिगोचे वेळापत्रक कोसळले. एका दिवसात हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली आणि सरकारने त्या कंपनीला काही नियमांतून तात्पुरती सूट दिली. अनेकांनी दोष नियमांना दिला. खरे तर नियम दोन वर्षे समोर दिसत होते आणि त्यांना पुरेल इतकी वैमानिकांची तयारी कंपनीने केली नव्हती. त्या इंडिगोत वैमानिकांची संघटना नाही, ही गोष्टही इथे विसरता येत नाही. आतून वेळेवर इशारा देणारी मान्य यंत्रणा असती, तर निदान तो कुणीतरी लिहून दिला असता.

अमिरातीने २०२१ च्या कायद्याने आणि त्याआधीच्या वेतन प्रणालीने एकट्या कामगाराला बरेच दिले आहे. पुढचे पाऊल सामूहिक आवाजाचे आहे. ते लगेच अमेरिकी धर्तीच्या संघटनेचे नसेलही. पण रोस्टर, थकवा आणि कपातीचा क्रम या तीन बाबींवर वैमानिकांनी स्वतः निवडलेली, बोलल्याबद्दल शिक्षा होणार नाही याची कायदेशीर हमी असलेली प्रतिनिधी समिती तिथे असू शकते, आणि असायला हवी. भारताने आपल्या बाजूने नोटीस पिरियडची साखळी सैल करावी आणि थकलेले वेतन मिळवण्याची यंत्रणा इतकी वेगवान करावी की जेटसारखी वेळ पुन्हा येऊ नये. मुंबई आणि दुबई यांच्यामधले अंतर जेमतेम तीन तासांचे आहे. त्या विमानात बसणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाचा जीव पुढच्या बंद दाराआडच्या दोन माणसांवर सोपवलेला असतो, म्हणून त्यांना सोडून जाण्याची मोकळीक आणि राहून बोलण्याची हिंमत ही दोन्ही मिळणे प्रवाशाच्याही हिताचे आहे.